शब्दांच्या जाती : हिंदीतून मराठीत येताना या चुका टाळा

रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी सकाळी पाच-सहा मुलं मराठी शिकायला येतात, सगळी इंदूरचीच, घरी आजीशी मराठी बोलतात पण शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी, त्यामुळे मराठी व्याकरण त्यांना पहिल्यांदा इथेच भेटतं. आणि दर वर्षी मुलं त्याच त्याच जागी अडकतात, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

पहिला घोळ नावांचा. शाळेत 'संज्ञा' शिकलेलं मूल मराठीतही संज्ञाच लिहितं आणि मराठीत संज्ञा म्हणजे वेगळंच काहीतरी होतं. तर हिंदीतली संज्ञा म्हणजे मराठीत नाम, क्रिया म्हणजे क्रियापद, संबंधबोधक म्हणजे शब्दयोगी, समुच्चयबोधक म्हणजे उभयान्वयी, विस्मयादिबोधक म्हणजे केवलप्रयोगी. सर्वनाम, विशेषण, क्रियाविशेषण दोन्हीकडे सारखीच. एवढं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. केवलप्रयोगीत कोणी फारसं चुकत नाही, अरेरे, बापरे, शाब्बास लगेच ओळखू येतात, त्यावर वेळ घालवू नका.

वेळ द्यायचा तो शब्दयोगीला, म्हणजे नामाला जोडून येणाऱ्या शब्दाला. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, 'राजवाड्या समोर खूप गर्दी होती.' हिंदीत 'राजवाड़े के सामने' असं सुटं लिहायची सवय, तीच हाताला लागलेली. मी त्याला म्हटलं, फक्त 'राजवाड्या' एवढाच शब्द मोठ्याने म्हण. म्हणाला आणि स्वतःच थांबला, कारण नुसतं 'राजवाड्या' कोणी म्हणतच नाही, शब्द राजवाडा आहे. हे जे 'राजवाड्या' झालं ना, ते सामान्यरूप, म्हणजे नामाने पुढच्या शब्दाला धरायला हात पुढे केलाय, आता त्याला तसं लटकत ठेवायचं नाही, जोडूनच लिहायचं, राजवाड्यासमोर. टेबलावर, झाडाखाली, आजीसाठी, पावसामुळे, सगळे जोडून.

आता याच 'समोर'ला जरा निरखून बघा. 'राजवाड्यासमोर गर्दी होती' यात तो शब्दयोगी. 'समोर गर्दी होती' म्हटलं की नाम गेलं, तो एकटा उभा राहून गर्दी कुठे होती ते सांगतोय, म्हणून क्रियाविशेषण. आणि 'समोरचं दुकान' यात दुकानाबद्दल सांगतोय, झालं विशेषण. मुलं विचारतात, काकू, मग समोरची खरी जात कोणती? वाक्याशिवाय सांगताच येत नाही! शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं हीच मला सगळ्यात मोठी चूक वाटते, आणि ती मुलं नाही करत, आपण मोठी माणसं त्यांच्याकडून करून घेतो.

'गोड' घ्या. गोड जिलेबी, इथे विशेषण. तिला गोड आवडतं, इथे चक्क नाम. ती गोड गाते, इथे क्रियाविशेषण, कारण कशी गाते ते कळलं. 'पण'चंही तसंच. 'मी गेले पण ती भेटली नाही' यात दोन वाक्यं जोडली म्हणून उभयान्वयी, 'मीपण येते' यात 'मी'ला चिकटून आलाय म्हणून शब्दयोगी, आणि 'त्याने पण केला' म्हणजे प्रतिज्ञा केली, तेव्हा नाम. आणि 'तो आला' मधला 'तो' सर्वनाम, पण 'तो मुलगा आला' म्हटलं की विशेषण, हे परीक्षेत हमखास चुकतं.

आता खास आपल्याकडची एक चूक. जेवताना मूल म्हणतं, 'मला आणि पोळी दे.' हिंदीतला 'और' दोन्ही कामं करतो, जोडतोही आणि जास्त मागतोही. आपला 'आणि' नुसता जोडतो, तो उभयान्वयी. जास्त हवं असेल तर 'आणखी' किंवा 'अजून' म्हणायचं. घरात सगळ्यांनी सांभाळलं तर महिन्याभरात सुटतं, आमच्याकडे सुटलं.

लिंगाचा त्रास तर विचारूच नका. हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन, आणि नामाचं लिंग चुकलं की विशेषण आणि क्रियापद दोन्ही घसरतात. फोनवर 'तुझी आवाज येत नाहीये' हे तर मोठी माणसंही सर्रास बोलतात, हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी, म्हणून तुझा आवाज. पुस्तक चांगली नाही, चांगलं. आणि पोहे! हिंदीत 'पोहा अच्छा बना', मराठीत पोहे अनेकवचनी, पोहे छान झालेत. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत उभे राहून पोहे खाणाऱ्या शहरात हे तरी चुकायला नको.

कोणी म्हणतं, जाऊ दे ना, आपली मराठी इकडची, ती पुण्यासारखी थोडीच असणार. मला हे अजिबात पटत नाही. १९११ साली मराठीचं एवढं मोठं शास्त्रीय व्याकरण लिहिणारे मोरो केशव दामले, केशवसुतांचे धाकटे भाऊ, इथून तास-दीड तासावर उज्जैनला प्राध्यापक होते. व्याकरण माळव्यात परकं कधीच नव्हतं.

एक अडचण नेहमी येते, प्रत्यय कोणता आणि शब्दयोगी कोणतं. ला, ने, शी, हून, चा-ची-चे, त हे विभक्तीचे प्रत्यय, थोडेच आहेत, तेवढे मात्र पाठ करा. वर, खाली, साठी, मुळे, कडे, जवळ ही शब्दयोगी.

मागच्या रविवारी मुलांना 'बाहेर' हा शब्द दिला. एका मुलीने पटापट तीन वाक्यं लिहिली, बाहेर पाऊस आहे, घराबाहेर पाऊस आहे, बाहेरचं खाऊ नको. पहिलं क्रियाविशेषण, दुसरं शब्दयोगी, तिसरं विशेषण, असं तिने सांगितलं. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ म्हणाला, 'ताई, विशेषण आहे तर मग नाम कुठेय?' बरोबरच होतं त्याचं, 'बाहेरचं'च तिथे नाम होऊन बसलं होतं, खायची वस्तू तीच. तिने खोडून नाम लिहिलं आणि शेजारी नवं वाक्य जोडलं, 'बाहेरचं जेवण नको.'