एनआयसीयूत नवीन रुजू होताय? आधी सर्किटमधलं पाणी बघायला शिका

जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, लागले तेव्हा मला भीती होती ती व्हेंटिलेटरच्या बटणांची. बटणं महिनाभरात हाताखाली येतात. नळीतल्या पाण्याकडे नजर जायला मात्र मला एक वाईट रात्र लागली.

ह्युमिडिफायरमधली गरम, दमट हवा सर्किटच्या, म्हणजे व्हेंटिलेटरपासून बाळापर्यंतच्या, नळीत गार पडली की तिचं पाणी होतं आणि त्यात जंतू वाढतात. म्हणून कूस बदलायच्या आधी ते पाणी बाळापासून लांब, वॉटर ट्रॅपमध्ये, म्हणजे नळीला जोडलेल्या पाणी साठवायच्या भांड्यात, उतरवायचं. त्या रात्री सहा बाळांमागे आम्ही दोघी होतो. २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या, किलोभरही नसलेल्या बाळाची कूस बदलताना मी नळी तशीच उचलली आणि साचलेलं पाणी सरळ बाळाच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबकडे गेलं. तेव्हा काहीच झालं नाही. दोन दिवसांनी सक्शनला, म्हणजे ट्यूबमधला स्राव खेचून काढताना, घट्ट पिवळा स्राव येऊ लागला, ऑक्सिजन ३० टक्क्यांवरून ४५ वर न्यावा लागला, प्लेटलेट उतरल्या. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेबसिएला हा जंतू निघाला. त्याच पाण्याने झालं असं कोणी म्हणालं नाही, म्हणताही येणार नाही. बाळ बऱ्याच आठवड्यांनी घरी गेलं. पण तेव्हापासून माझा हात आधी वॉटर ट्रॅपकडे जातो.

व्हेंटिलेटरवर असताना फुप्फुसांना होणारा हा संसर्ग या अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाच इतका का गाठतो, हे समजून घ्या. आईकडून मिळणारी प्रतिपिंडं बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत येतात, आणि तेच महिने यांचे हुकलेले असतात. खोकून स्राव बाहेर टाकण्याची ताकद नसते. हजार ग्रॅमच्या आतल्या बाळाला लागते ती अडीच मिलिमीटरची ट्यूब, आणि तिला सहसा कडेची फट बंद करणारा फुगा नसतो. तोंडातली लाळ ट्यूबच्या कडेने हळूहळू खाली झिरपत राहते. म्हणूनच डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवायची आणि तोंडाची स्वच्छता ठरल्या वेळी करायचीच, ड्युटी कितीही धावपळीची असो.

सक्शन घड्याळ लावून करू नका. गरज दिसली तरच करा. कॅथेटर, म्हणजे सक्शनची बारीक नळी, ट्यूबच्या टोकापलीकडे ढकलू नका. दरवेळी ट्यूबमध्ये सलाइन सोडायची जुनी सवय कुणी शिकवली तर नम्रपणे विचारा, कशासाठी? सर्किटही रोज बदलायचं नसतं. ते जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना वाट मिळते. मळलं किंवा बिघडलं तरच बदला. आणि हात. हात धुऊन अलार्म बंद करायला मॉनिटरला बोट लावलंत, तर बाळाला हात लावण्याआधी पुन्हा हँडरब घ्या, २० ते ३० सेकंद, अंगठ्यासकट. नवीन मुली इथेच चुकतात. मीही चुकले आहे.

निदान डॉक्टर करतात, पण ते आपल्या नोंदींवर उभं असतं. व्हेंटिलेटरवर ४८ तास उलटल्यानंतर झालेला न्यूमोनिया तो ‘व्हॅप’. एक्स-रेवरचा पांढुरकेपणा अपुऱ्या वाढीच्या फुप्फुसातही दिसतो, मिटलेल्या भागातही दिसतो. ट्यूबमधल्या नमुन्यात जंतू उगवला म्हणजे आजार झालाच असंही नाही. तो नुसता ट्यूबवर वस्तीला असू शकतो. म्हणून स्रावाचा रंग, घट्टपणा, किती वेळा सक्शन लागलं, ऑक्सिजन कधी वाढवला, हे वेळेसकट लिहा. ‘सक्शन केलं’ एवढ्या नोंदीचा कुणालाच उपयोग नसतो. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांतल्या नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू सर्वांत पुढे होते, आणि त्यांतले कितीतरी अनेक अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हते. आपल्या नोंदीवरून एखादं अनावश्यक अँटिबायोटिक टळलं तर ते मोठं काम आहे.

सकाळच्या राउंडला एक प्रश्न न लाजता विचारा: “सर, आज ट्यूब काढता येईल का?” श्वासाला चालना देणारं कॅफिन चालू आहे, बाळ स्वतः श्वास घेतंय, नाकातून दाबाने हवा देणारा सीपॅप तयार आहे, तरी ट्यूब नुसती सवयीने राहिलेली मी पाहिली आहे. ट्यूबचा एक दिवस वाचला की धोक्याचाही एक दिवस वाचतो.

आणि आईला दाराबाहेर बसवून ठेवू नका. तिला हात धुवायला शिकवा, तिच्या चिकाचे दोन थेंब बाळाच्या गालाच्या आत लावायला द्या. पहिल्यांदा तिचे हात थरथरतील. शेजारी उभ्या राहा.