मोनास्कसचा लाल रंग उतरत नसेल तर हे करून बघा

दरवर्षी प्रोजेक्टच्या सीझनला एखादी ज्युनियर येतेच, ताई, भातावर वाढवलेल्या मोनास्कस बुरशीचा लाल रंग अल्कोहोलमधे उतरत नाहीये, सॉल्व्हंट बदलू का? अगं थांब, आधी भात बघ. मोनास्कस पर्प्युरियस वाढवलेल्या भाताचं एक शित नखाने फोडायचं, आत पांढरं दिसलं तर बुरशी आतपर्यंत गेलेलीच नाही, मग काहीही ओता, नसलेला रंग येणार कुठून. आंबेमोहोर चिकटून गोळा होतो, आत हवा जात नाही, म्हणून मी मोकळा शिजणारा साधा तांदूळ घेते आणि फ्लास्क रोज हलवते.

शित आत लाल असेल तर ५० डिग्रीला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, मिक्सरला फिरवा, चाळा. आपल्याकडे पावसाळ्यात ही पावडर हवेतलं पाणी ओढते आणि वजनच चुकतं, डेसिकेटरमधे (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

आता इथेनॉल. ॲब्सोल्यूट म्हणजे भारी असं काही नाही, थोडं पाणी लागतंच, पण पाणी फार झालं की स्टार्च उतरतो, सगळं गढूळ होतं, फिल्टर पेपर चोंदतो आणि तुम्ही तासभर फनेलकडे बघत बसता. ५०, ६०, ७०, ८०, ९५ टक्के अशा पाच बाटल्या लावा, बाकी सगळं सेम ठेवा. बहुतेक वेळा ६०-७० जिंकतं. (९५ चं ७० करायला ७० मिली घेऊन पाण्याने ९५ मिलीपर्यंत आणायचं.)

१ ग्रॅमला १० मिली, शेकरवर तासभर, गाळा, चोथ्यावर परत १० मिली. एकदम २० ओतण्यापेक्षा असा जास्त रंग येतो. बाटलीला फॉइल गुंडाळा, उजेडात रंग फिका पडतो. गुरुवारी लाईट जाते हे धरूनच शेकर लावा, माझी एक अख्खी बॅच त्यात गेलीये.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रीडिंग ५०० नॅनोमीटरला लाल, ४७० ला केशरी, ४०० ला पिवळा. ब्लँक (मशीन शून्यावर आणायला रंगाशिवायचं द्रावण) त्याच टक्क्याच्या इथेनॉलचा, डिस्टिल्ड वॉटरचा नाही. ओडी (द्रावणाने किती प्रकाश अडवला त्याचा आकडा) १ च्या वर गेला की डायल्यूट करा. मग दर ग्रॅमला किती रंग निघाला ते काढायला ओडी गुणिले डायल्यूशन गुणिले एकूण मिली, भागिले ग्रॅम. इथेनॉल उडवताना बर्नर अजिबात नको, रोटरी इव्हॅपोरेटर किंवा वॉटरबाथ, तोही फ्यूम हूडमधे.

आणि हो, रंग छान आला की कोणीतरी विचारतंच, खिरीत घालून बघू का? नाही. मोनास्कसचे बरेच स्ट्रेन सिट्रिनिन बनवतात, ते किडनीला घातक असतं आणि अल्कोहोलमधे रंगाबरोबरच उतरतं.