गिरगाव बघायचं तर जुन्या नावांनी

माझ्या भाचीला गिरगाव दाखवायचं ठरलं होतं. ऐन वेळी माझा गुडघा आखडला, म्हणून तिला हे लिहून दिलं. तुम्हालाही उपयोगी पडेल.

सकाळी साडेसातच्या आत चर्नी रोडला उतर आणि पूर्वेला बाहेर पड. सुरुवात स्टेशनच्या नावापासूनच कर. इंग्रज सरकारनं गुरं चारायला पैसे आकारले, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी ठाकुरद्वारजवळ 20,000 रुपये खर्चून गवताळ जमीन घेतली आणि गुरांना फुकट चरायला मोकळी ठेवली. ती ही चरणी.

पाटी वाच, पण पत्ता जुन्या नावानं विचार. पाटीवर खाडिलकर मार्ग दिसला तरी तू 'कांदेवाडी कुठे?' असंच म्हण. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, गायवाडी, मुगभाट, बोरभाट ही नावं चालता चालता मोठ्यानं वाच. भाट म्हणजे बागायत. गोव्यात माडांच्या बागेला आजही भाट म्हणतात. इथे खरंच वाड्या होत्या. पुढे कोकणातून, देशावरून माणसं कारकुनीला आली, छापखान्यांत लागली, त्यांना राहायला चाळी उठल्या. कुठे काय पिकत होतं ते आता फक्त या नावांवरून कळतं.

खोताची वाडी सेंट टेरेसा चर्चजवळ आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना दिली. त्यांची लाकडी, व्हरांड्याची घरं एके काळी साठाच्या वर होती, आता निम्मीही नाहीत. गल्लीत हळू बोल. लोक तिथे राहतात, विचारल्याशिवाय कुणाच्या दारावर कॅमेरा रोखू नकोस.

मग कांदेवाडीतली केशवजी नाईक चाळ. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथला, 1893 चा. 1901 मध्ये टिळक इथे आले होते. मूर्ती अजून लहानच असते आणि पालखीतून येते. गणपतीत गिरगावात येशील तेव्हा मोठ्या मंडळांच्या रांगेआधी इथे ये, हा माझा हट्ट आहे.

केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहाच्या दाराशी नाटकाचा फलक बघून घे. वेळ जमली तर तिकीट काढ.

आमची चाळ शोधू नकोस, ती पाडली. तीन वर्षांत घर देतो म्हणणाऱ्या बिल्डरनं अकरा वर्षं लावली. तुझ्या आजीला नवं घर बघायला मिळालं नाही, ते मला अजून सलतं. पण शेजारची एखादी जुनी चाळ उभी असेल तर लाकडी जिन्यापाशी थांब. पायऱ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झालेल्या असतात, दोन्ही कडा मात्र शाबूत. आम्ही दोघी बहिणी पाणी सांडू नये म्हणून कळशी कमरेवर घेऊन कडेकडेनं चढायचो. कठड्यावरून हात फिरव. इतक्या तळव्यांनी तो घासलाय की एक कूस लागत नाही.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एखादी आजी विचारेल, "कोणाकडे?" बिचकू नकोस. "माझं आजोळ मुगभाटात," एवढंच सांग. पुढचं त्याच विचारतील, आणि चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत.