चिनी परंपरावाद शिकायला निघालात? आधी जुनी अक्षरं शिका

एम.ए.ला आधुनिक चीनमधला परंपरावादी राजकीय विचार हा विषय घेतला, तेव्हा माझं २ वर्षांचं चिनी झालं होतं. वर्तमानपत्र वाचता यायचं; तेवढं पुरेल असं वाटलं. मग हातात चांग चितुंग या छिंग राजवटीतल्या बड्या अधिकाऱ्याचं १८९८चं पुस्तक आलं आणि एकेका पानाला अख्खी दुपार जायला लागली. पुस्तक जुन्या लिपीत आणि ग्रांथिक भाषेत, मी शिकलेली लिपी नवी, सोपी केलेली. 'थी' हा एकच शब्द घ्या. थी म्हणजे शरीर, गाभा. आज तो ७ रेघांत लिहितात; जुना २३ रेघांचा, डाव्या अंगाला 'हाड'. चांगचं सगळं म्हणणं त्याच शब्दावर उभं आहे: जुनी विद्या गाभा, नवी विद्या वापराला. रेल्वे आणा, शाळा काढा, पण राजा-प्रजा, बाप-लेक ही नाती हलवू नका. तेव्हा ग्रांथिक चिनीचा वर्ग पहिल्याच सत्रात लावा.

माणसांवर शिक्के मारायची घाई करू नका. खांग यौवेईला मी पहिल्या निबंधात 'सुधारक' म्हणून मोकळी झाले. सरांनी समासात फक्त '१९१७?' एवढंच लिहिलं. १८९८च्या सुधारणांचा हा अध्वर्यू १९१७ला पदच्युत बालसम्राट पूयीला पुन्हा गादीवर बसवायला निघाला होता. ते राज्य १२ दिवस टिकलं. मला आता वाटतं, खांग फारसा बदललाच नव्हता. त्याला आधीपासून घटनेच्या चौकटीतला राजा हवा होता. १९११च्या क्रांतीने राजाच गेला.

'बाओशौ', म्हणजे परंपरावादी, हा शब्दही फसवतो. १९८०च्या दशकात तो छन युनसारख्या नियोजित अर्थव्यवस्था जपणाऱ्या जुन्या कम्युनिस्टांना लावत. म्हणून प्रत्येक दशकात आधी विचारा, इथे नेमकं काय जपायचं आहे?

माझा जीव मात्र लियांग शूमिंगवर जडला. पेकिंग विद्यापीठात तो भारतीय तत्त्वज्ञान शिकवायचा. १९२१च्या पुस्तकात त्याने पश्चिम, चीन आणि भारत अशा संस्कृतींच्या तीन वाटा मांडल्या. भारताची वाट संसाराकडे पाठ फिरवणारी, हे वाचून मी चिडले होते. पण हाच माणूस पुढे शांतुंगमधल्या झौपिंगला खेड्यांत काम करत राहिला आणि १९५३ला शेतकऱ्यांच्या हालांवरून थेट माओसमोर उभा राहिला. सुरुवात त्याच्यापासून करा, आणि भारतावरचा भाग आधी वाचा. आपल्याला तिथे भांडता येतं.