दगडी टाइलचा ओटा: आधी पाया, मग टाइल

ओट्यावरची दगडी टाइल तडकली की दोष दगडाला जातो. बहुतेक वेळा खालचा पायाच हलत असतो, कारण १० मिमी जाडीचा ग्रॅनाइट किंवा संगमरवर वाकत नाही, सरळ फुटतो.

म्हणून आधी ओट्याखालची कपाटं पाणसळीत आणून भिंतीला पक्की करा. वर १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायवुड, त्यावर सिमेंटी ॲडहेसिव्ह पसरून ६ मिमी सिमेंट बोर्ड आणि दर २०० मिमीवर स्क्रू. बोर्डांमध्ये ३ मिमी फट ठेवून ती जाळीच्या पट्टीने आणि ॲडहेसिव्हने बुजवा. प्लायवुडवर थेट टाइल लावू नका. लाकूड दमटपणाने फुगतं-आकसतं आणि सांधे उलतात.

आता सगळ्या टाइल कोरड्याच मांडून बघा. अख्ख्या पुढच्या कडेला, कापलेल्या मागे भिंतीकडे. सिंकचे कोपरे शक्यतो सांध्यावर येऊ द्या. टाइलमध्येच एल आकाराचा काप घ्यावा लागला, तर कोपऱ्यात आधी गोल भोक पाडा आणि मग तिथपर्यंत कापा. काटकोनी खाच राहिली तर तडा तिथूनच सुरू होतो. कापताना डायमंड ब्लेड आणि पाण्याची धार हवीच. कोरडं कापून उडणारी दगडाची धूळ फुप्फुसांना घातक असते.

फिकट संगमरवराला पांढरंच ॲडहेसिव्ह वापरा, करडं असेल तर त्याची छटा वर दिसते. हिरवा संगमरवर आणखी नखरेल: त्याचे बरेच प्रकार पाण्याच्या ॲडहेसिव्हने वाकतात, त्यांना इपॉक्सीच (दोन भाग मिसळून वापरायचं, बिनपाण्याचं ॲडहेसिव्ह) लागतं. ६ मिमी दातांच्या थापीने एकाच दिशेने रेघा ओढा, टाइलच्या पाठीलाही पातळ थर द्या आणि दाबून बसवा. अधूनमधून एखादी उचलून पाहा. पाठ पूर्ण भरलेली नसेल तर तिथे पोकळी राहते आणि जड भांडं आपटलं की टाइल तिथेच फुटते.

२४ तास हात लावू नका. ग्राउटच्या (सांधे भरायच्या मसाल्याच्या) आधी सीलरचा, म्हणजे दगडात मुरून डाग अडवणाऱ्या द्रावाचा, एक हात द्या, नाहीतर सच्छिद्र दगड ग्राउटचा रंग पितो. घासलेल्या चकचकीत दगडावर २ मिमीचे सांधे ठेवले असतील तर बिनवाळूचं ग्राउट घ्या. वाळूने ओरखडे पडतात. भिंतीलगतची फट मात्र ग्राउटने नव्हे, न्यूट्रल (आम्ल न सोडणाऱ्या) सिलिकॉनने भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला खातं.

ग्राउट पूर्ण सुकल्यावर पुन्हा सीलर लावा आणि वर उरलेलं डब्यावर दिलेल्या वेळेत पुसून काढा, नाहीतर चिकट पापुद्रा बसतो. पुढे कधीतरी ओट्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. दहा मिनिटांत खालचा दगड गडद झाला, तर सीलरची वेळ झाली.