नेत्यांवर आणि हवामान बदलावर सर्व्हे करताय? या चुका टाळा, हात जोडते

निवडणूक जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, जिल्ह्यात सर्व्हे टाकायचाय, आमदार-खासदारांचं रेटिंग, आणि सोबत क्लायमेट चेंजचे पाच-सहा प्रश्न, हल्ली फंडिंगवाले मागतात. आठ दिवसांत होईल ना?" होतं की. आठ दिवसांत लग्नसुद्धा होतं. मी सतरा वर्षं मराठवाड्यात फील्डवर आहे, आधी स्वतः फॉर्म भरायचे, आता पोरापोरींना ट्रेनिंग देते, आणि दर वेळी त्याच चुका बघून आता खरंच वैताग आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकतेय. सर्व्हे दारातच बिघडलेला असतो, मग लॅपटॉपवर बसून कितीही वेटेज लावा, म्हणजे कोणाचं उत्तर किती वजनाचं धरायचं ते ठरवत बसा.

"हवामान बदल" हा शब्द

प्रश्नावली इंग्रजीत येते, कोणीतरी एसीत बसून तिचं मराठी करतं: "हवामान बदलाचा आपल्या जीवनावर परिणाम झाला आहे असे आपणांस वाटते काय?" वाचायला झकास. पण आपल्याकडे हवामान म्हणजे रेडिओवरचं हवामान, हवामान खातं, आज ढगाळ उद्या ऊन. रोजचं ते पण हवामान आणि तीस वर्षांचं ते पण हवामान, बोलताना कोणी फरक करत नाही.

अंबड तालुक्यातल्या एका गावात आमच्या एका पोराने ओसरीवर बसलेल्या आजोबांना हाच प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. आजोबा तंबाखू मळत होते. म्हणाले, "बदलतंय की. काल ढगाळ होतं, आज बघ कसं लख्ख पडलंय." पोराने 'होय, खूप परिणाम' वर टिक केली आणि पुढच्या प्रश्नाला लागला! मी मागेच उभी होते. संध्याकाळी गठ्ठा तपासला तर जवळपास सगळे फॉर्म 'होय', आणि टीम खूश, म्हणे मॅडम इथे अवेअरनेस भारी आहे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात मी मुद्दाम "ग्लोबल वॉर्मिंग" म्हणून विचारायला लावलं, तर सगळीकडे "काय असतं ते?" म्हणजे एक शब्द टाकला की शंभर टक्के जागरूक, दुसरा टाकला की शून्य.

आणि गंमत म्हणजे त्याच आजोबांजवळ मी नंतर तासभर बसले, तर त्यांना सगळं माहीत होतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातल्या गारपिटीने गहू-हरभरा कसा झोपवला, जूनचा पाऊस आता नावालाच येतो आणि सप्टेंबरात काढणीला आलेलं सोयाबीन कसं भिजवतो, सगळं. वर म्हणाले, "बाहत्तरला खायला नव्हतं पण प्यायला पाणी होतं. सोळाला खायला होतं, पाणी नव्हतं." २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, तोच हा दुष्काळ. आता या माणसाला क्लायमेट चेंज माहीत आहे का नाही? फॉर्ममध्ये त्यासाठी चौकोनच नव्हता. अजून एक, त्यांना 'पोकरा' माहीत होती, शेततळं घेतलं होतं पुतण्याने त्यातून. ही जागतिक बँकेच्या मदतीची योजना २०१८ पासूनची, हवामानाला तोंड देणारी शेती हेच तिचं नाव आणि काम, पण गावात ती फक्त पोकरा, शेततळ्याची आणि ठिबकची स्कीम.

मोठ्या लोकांनासुद्धा हे दिसलंय. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि आपल्याकडची सर्व्हे करणारी सीव्होटर यांचा भारतातला २०२२ चा रिपोर्ट बघा, ५४ टक्के लोक म्हणाले की ग्लोबल वॉर्मिंगबद्दल थोडंसंच माहीत आहे किंवा कधी ऐकलंच नाही. मग त्यांना दोन ओळीत समजावून विचारलं की असं होतंय असं वाटतं का, तर ८४ टक्के हो म्हणाले. हे दोन्ही आकडे खरे आहेत. पण यातला फक्त एक उचलून हेडिंग करणारे लोक मला माहीत आहेत, आणि कुठला उचलायचा ते कोण पैसे देतंय यावर ठरतं.

मी काय करते सांगते, कुठल्या पुस्तकातलं नाही, सवय आहे. शब्द वापरतच नाही. "तुम्ही लहान होतात तेव्हाचा पाऊस आणि आताचा पाऊस, काही फरक वाटतो का? काय फरक?" आणि ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मग उन्हाळा, मग थंडी. सगळ्यात शेवटी, "याला हवामान बदल म्हणतात, हे कधी ऐकलंय का?" वेळ लागतो, हो, लागतोच. ज्यांना वेळ नाही त्यांनी सर्व्हे करू नये, आकडे मनाने टाकावेत, तेवढाच डिझेलचा खर्च वाचतो.

साहेब, भाऊ, ताई

प्रश्नावलीत एका नेत्याचं नुसतं आडनाव आणि दुसऱ्याच्या मागे 'साहेब', हे मी किती वेळा बघितलं असेल देव जाणे. लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पण समोरच्या माणसाला कळतं तुम्ही कुठल्या गोटातले, आणि मग तो तुम्हाला आवडेल ते उत्तर देतो, घरी आलेल्या पाहुण्याला नाराज कशाला करा. सगळ्यांना पूर्ण नाव आणि श्री किंवा श्रीमती, बस. फॉर्मवर बरोबर असून बोलताना पोरं घोळ करतात तो वेगळाच, म्हणून नावं मी ट्रेनिंगमध्ये दहा-दहा वेळा मोठ्याने वाचून घेते. पोरं हसतात, हसू देत.

नेत्यांचे प्रश्न आधी आणि पाऊसपाण्याचे नंतर ठेवू नका. एकदा का माणूस आमदारावर घसरला की पुढचं सगळं त्याच रागात येतं, मग दुष्काळही त्याच्यामुळेच आणि गारपीटही त्याच्यामुळेच. आवडता असेल तर उलट, सगळं छान चाललंय. आधी पाऊस, मग नेता.

"साहेबांनी दुष्काळ आणि हवामान बदल हे प्रश्न चांगले हाताळले का?" एका वाक्यात दोन प्रश्न आणि वर साहेब. फाडून टाका.

"बरं आहे" कुठे टिक करायचं? हा खरा मराठी प्रॉब्लेम आहे. पर्याय असतात खूप समाधानी, काहीसे समाधानी, काहीसे असमाधानी वगैरे, आणि माणूस म्हणतो "बरंय" किंवा "चाललंय". एक पोरगा ते समाधानी धरतो, दुसरा असमाधानी, आणि दोन तालुक्यांत नेत्याची लोकप्रियता वेगळी दिसते ती फक्त दोन पोरांच्या स्वभावामुळे. एकदाच परत विचारा, "म्हणजे समाधानी धरू का नाही?" तरी बरंय म्हणाले तर बरंय लिहा.

कुलूप लावलेलं घर

आता माझी स्वतःची चूक. बीड जिल्हा, डोंगरपट्ट्यातली गावं, जानेवारी महिना. मतदार यादीतून नावं काढलेली, सगळं शास्त्रशुद्ध. गावात गेलो तर यादीतल्या घरांना कुलूप. एक, दोन, चार, सगळी ओळच. टीमलीडर मीच, वरून फोन चालू, आज किती झाले, उद्या किती होणार. मी म्हटलं बाजूचं घर घ्या. बाजूचं म्हणजे जे उघडं आहे ते. मग कोण भेटलं? किराणा दुकानवाले, मास्तर, विहिरीला बारमाही पाणी असलेले दोन-चार बागायतदार, आणि म्हातारी माणसं. प्रश्न होता, "पाऊसपाणी बिघडल्यामुळे तुमच्या घरातल्या कोणाला गाव सोडावं लागलं का?" आणि उत्तर, नाही, नाही, नाही. नेत्यांचं रेटिंगही मस्त आलं.

तिसऱ्या दिवशी एका ओट्यावरच्या आजीने विचारलं, "बाई, कुलपाला काय इच्यारता? अख्खं गाव उसाला गेलंय. पाडव्याला या."

डोक्यात वीज पडावी तसं झालं. मी याच भागातली, मला माहीत नव्हतं का? दिवाळीच्या पुढेमागे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. गाव सोडावं लागलं का हा प्रश्न मी जे गाव सोडून गेले नाहीत त्यांना विचारत होते! मतदार यादी बीडची, माणूस सांगलीत उसाच्या फडात. ते सगळे फॉर्म मी बाजूला काढले, वरच्यांशी भांडण झालं, पैसे कापले गेले, आणि रिपोर्ट तरीही त्याच फॉर्मवर छापला गेला. कोणाचा ते सांगत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे एक वेगळी वही असते, कुलपाची वही. प्रत्येक बंद घर, कोणाचं, कुठे गेलेत, कधी येणार, शेजाऱ्याला विचारून लिहायचं. तीन वेळा जायचं, त्यातली एक वेळ संध्याकाळची. तीनदा नाहीच भेटले तर 'भेटले नाहीत' असंच मोजायचं, बाजूचं घर घ्यायचं नाही. आणि बीडला काम असेल तर दसऱ्याच्या आत किंवा गुढीपाडव्यानंतर. एकदा तर आम्ही कारखान्यावरच्या कोप्यांवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर गेलो, रात्री आठनंतर, कारण पहाटेपासून तोडणी, त्याआधी कोणी बोलायला मोकळं नसतं. एक बाई भाकरी थापता थापता बोलत होती, गावाकडे पाणी असतं तर कोण येतं हितं म्हणाली, आणि नेत्याचं विचारलं तर हसली, "मतदानाला गाडी पाठवत्यात तेवढं माहीत हाय." ती एक मुलाखत जानेवारीतल्या माझ्या अख्ख्या गठ्ठ्यापेक्षा जास्त किमतीची होती.

बाकीच्या पटापट.

पारावर बसून फॉर्म भरू नका, उत्तर सरपंचाचं असतं आणि नाव बाकीच्यांचं. बाईला विचारायचं असेल तर मुलगीच पाठवा, नाहीतर "ह्यांनाच विचारा" हे एकच उत्तर घेऊन याल.

"हवामानाकडे लक्ष देणारा नेता हवा का?" कोण नाही म्हणेल? त्यापेक्षा काही न सुचवता तुमच्या भागातले मोठे प्रश्न कोणते ते विचारा. फक्त कोडिंग करताना, म्हणजे लोकांची उत्तरं गटांत घालताना, शुद्धीत राहा. लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या निवडणूकपूर्व सर्व्हेत सगळ्यात मोठा प्रश्न म्हणून २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्के लोकांनी महागाई सांगितली, मग लगेच आपले विश्लेषक म्हणतात की क्लायमेट कोणाला पडलंय. अहो पण टँकर, पीकविमा, पंचनामा, सोयाबीन भिजलं हे तुम्ही 'इतर' मध्ये टाकलंत तर क्लायमेट कुठून दिसणार? मी हे शब्द वेगळे ठेवते आणि कुठल्या खात्यात घालायचं ते शेवटी ठरवते, लिहून, कारणासकट.

नुसतं 'सरकार' म्हणू नका. सरकार म्हणजे कोणाला तलाठी वाटतो, कोणाला पंतप्रधान.

व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म फिरवून वीस हजार उत्तरं आली म्हणून नाचू नका. अमेरिकेत १९३६ साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडे वीस लाखांवर उत्तरं आली होती, त्यांनी लँडन जिंकणार म्हटलं आणि रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं नेली. तरी दरवर्षी कोणीतरी मला नवीन शोध लावल्यासारखं हेच सुचवतं.

हजाराचा सॅम्पल असेल तर चूक साधारण तीन टक्क्यांची धरतात, तीही नावं नीट चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघाली असतील तर. त्यातल्या शंभर शहरी तरुणींवर तुम्ही हेडिंग केलंत की तीच चूक दहा टक्क्यांवर जाते. दोन टक्क्यांचा फरक दाखवून "तरुणींनी नेता बदलला" लिहिणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.

टपरीवर बसून भरलेले फॉर्म मला वासावरून कळतात. अठरा मिनिटांची मुलाखत चार मिनिटांत, सगळीकडे 'काही अंशी', आणि एकाच गावात कोणालाच "माहीत नाही" म्हणायचं नाही, असं गाव महाराष्ट्रात नाही. रोज संध्याकाळी पाच नंबर लावून विचारते, आमचा मुलगा आला होता का, किती वेळ बसला, काय विचारलं. मुलं मला खडूस म्हणतात ते माहीत आहे.

आत्ताच एक मेसेज आलाय, "मॅडम, दोन दिवसांत अख्खा बीड जिल्हा करून देतो, डिसेंबरमध्ये, रेट सांगा." त्याला फक्त एवढंच पाठवलंय की कुलपं किती मोजणार ते आधी सांग.