गजकर्ण पुन्हा पुन्हा का उठतं? या चुका टाळा

पावसाळा लागला की ठाण्यात कपडे वाळत नाहीत. रात्रभर पंख्याखाली टाकलेल्या जीन्सच्या कमरेची शिवण सकाळी हाताला ओलसरच लागते. तीच चढवून गर्दीच्या लोकलमधून ऐरोली-रबाळे गाठायचं, दिवसभर घामात बसायचं, मग जांघेत किंवा कमरेला गोल, लाल, कडेला खवलं असलेला चट्टा उठतो. गजकर्ण म्हणा किंवा नायटा, ही बुरशी आहे आणि नीट औषध केलं तर बरी होते.

सगळ्यात महागात पडते ती मेडिकलच्या काउंटरवरची चूक. “खाजेची ट्यूब द्या” म्हटलं की पुष्कळदा बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड अशी मिसळ हातात पडते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ती गजकर्णाला लावू नका. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, गुण आला असं वाटतं. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशी पसरत असते. ट्यूब थांबली की चट्टे आधीपेक्षा मोठे होऊन येतात, गोल कड पुसली गेल्यामुळे ओळखणंही अवघड होतं. जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे वळ उमटतात. 2018 पासून ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही, तरी ती सर्रास मिळतात याचा मला संताप येतो. आधीच वापरली असेल तर लपवू नका, ट्यूब त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

दुसरी चूक, चट्टा दिसेनासा झाला की औषध बंद. त्यानंतरही साधारण दोन आठवडे मलम लावायचं असतं, आणि चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत. डॉक्टरांनी बुरशीसाठी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल दिली असेल तर ती जेवणानंतर घ्या. तिच्यासोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही. शेजाऱ्यांच्या चिठ्ठीवरची गोळी तर नकोच. ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव 2020 मध्ये मिळालेली बुरशी आपल्याकडे पसरली आहे, आणि तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध अनेकदा चालत नाही.

होमिओपॅथीत प्रकृती पाहून सेपिया, टेल्युरियम, बॅसिलिनम वगैरे देतात. त्यांनी ही बुरशी जाते असा भक्कम पुरावा नाही. तुमचा विश्वास असेल तर घ्या, पण डॉक्टरांचं औषध बंद करून नव्हे, आणि दोन्हीकडे सगळं सांगून. “मलमाने रोग आत दबतो” ही भीती स्टेरॉइडबद्दल रास्त आहे. बुरशीचं मलम मात्र बुरशीवरच काम करतं. “आधी वाढेल, मग बरं होईल” असं ऐकून पसरणारा चट्टा बघत बसू नका.

घरात एकालाच औषध दिलं आणि बाकीचे खाजवत राहिले तर चक्र थांबत नाही. सगळ्यांना एकदम दाखवा, टॉवेल वेगळे ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून शिवणींवर इस्त्री फिरवा. लसूण, लिंबू चोळून कातडी भाजून घेऊ नका.

मधुमेह असेल तर साखर तपासा. नखांना बुरशी धरली तर औषध महिनोन्‌महिने चालतं. मुलाच्या डोक्यावर खवलं येऊन केस तुटत असतील तर नुसतं मलम पुरत नाही, पोटातूनच औषध लागतं. तिथे थांबू नका.